तार माहीत असते, तरी ड्रोन तिच्यावरच का जातो?

शिरोळ तालुक्यातल्या एका ड्रोन दीदीने विचारलंय: "आमच्या बचत गटाकडे दहा लिटरचा फवारणी ड्रोन आहे. आमच्याकडे ऊसच जास्त, आणि प्लॉटमधून नाहीतर बांधावरून लाइटच्या तारा गेलेल्याच असतात. शेतकरी म्हणतात, तारेखालून आरामात जातंय, मारा. ड्रोनला पुढे रडार आहे. तारेपासून नेमकं किती अंतर ठेवायचं? आणि लाइट गेलेली असताना जवळून मारलं तर चालतं का?"

ताई, आधी थोडक्यात. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, लाइनपासून आडवं दहा मीटर. रडारवर विसंबायचं नाही. तारेखालून कधीच नाही. लाइट गेलेली असली तरी नाही. आता यामागची कारणं सविस्तर सांगतो, कारण शेतकरी बांधावर उभा राहून वाद घालतो तेव्हा नुसता नियम सांगून भागत नाही.

"तारेखालून आरामात जातंय" हे सोयाबीनच्या शेतात बोललेलं वाक्य आहे. ते उसात आणलं की घात होतो. वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे रस्ता सोडून इतर ठिकाणी, म्हणजे आपल्या शेतात, ११ केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असली पाहिजे. त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत ५.२ मीटर. रस्ता ओलांडताना हा आकडा वाढतो, एलटीला (कमी दाबाच्या लाइनला) ५.८ आणि एचटीला (जास्त दाबाच्या, ११ केव्हीसारख्या लाइनला) ६.१ मीटर होतो. शेतात मात्र ४.६ धरा. आता ऊस मांडा. आडसाली ऊस वर्षाचा होईपर्यंत तीन-साडेतीन मीटर सहज होतो. ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटर वर ठेवायचा. बेरीज पाच-सहा मीटर. म्हणजे ड्रोन तारेच्या खाली नसतो, वरही नसतो, बरोबर तिच्या पातळीवर उडत असतो. सोयाबीन दोन फुटांचं असतं म्हणून तिथे दीड मीटर फट दिसते, आणि त्या फटीत ड्रोनची स्वतःची अर्धा मीटर उंची, वाऱ्याचा झोका आणि उंची मोजणाऱ्या यंत्राची चूक हे सगळं बसवायचं असतं. मी सोयाबीनमध्येसुद्धा खालून नेत नाही.

४.६ हा नियमातला किमान आकडा आहे. पोलजवळ तार जास्त उंच असते आणि दोन पोलच्या मधोमध सगळ्यात खाली येते. उन्हाळ्यात दुपारी धातू तापून लांबतो, त्यात सगळ्या मोटरी चालू असल्या तर तारेतल्या विजेनेही ती तापते, आणि झोळ वाढतो. सकाळी सहाला पाहिलेली तार दुपारी दोनला तिथेच नसते. एखादा पोल काळ्या रानात कलला असेल तर झोळ आणखी. अशा शेतात ऊस तारेला लागलेला मी पाहिलाय, शेंड्याची पानं जळून तपकिरी झालेली. असं दिसलं की त्या प्लॉटमध्ये ड्रोनच काढायचा नाही, आणि शेतकऱ्याला १९१२ वर तक्रार नोंदवायला सांगायचं.

दिसण्याचा भाग आता. गावाकडच्या ११ केव्ही लाइनला बहुधा 'वीझल' किंवा 'रॅबिट' जातीची ॲल्युमिनियमची तार असते, आत पोलादी गाभा. वीझलचा व्यास ७.७७ मिलिमीटर, रॅबिटचा १०.०५. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक वेगळं कळतं, त्या हिशेबाने वीझलची जाडी सव्वीस-सत्तावीस मीटरच्या पुढे नीट कळायची बंद होते. आकाश मागे असेल तर काळी रेघ म्हणून ती बरीच लांबून दिसते, कारण उजेडाचा फरक मोठा असतो. पण मागे उसाचा हिरवा पट्टा, डोंगर किंवा गावातली झाडं आली की तीच रेघ पुसली जाते. जुनी तार राखाडी पडलेली असते, ती तर ढगाळ आभाळातही हरवते. त्यात आपली फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, म्हणजे सूर्य नेमका डोळ्यांसमोर. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला हिवाळ्यात धुकं असतं ते वेगळंच.

पण तार दिसली तरी निम्मं काम होतं. ती किती लांब आहे हे कळणं अवघड, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. आपले दोन डोळे आडवे शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांना दिसणाऱ्या चित्रातल्या थोड्याशा फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. आडव्या सरळ रेघेत हा फरक मिळतच नाही. म्हणून पोल नजरेत नसला की मधली तार पन्नास मीटरवर आहे की ऐंशी, हे डोळा सांगू शकत नाही. त्यात तुम्ही बांधावर, ड्रोन शंभर मीटर पुढे, तार मधे कुठेतरी. ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. ज्यांना कळतं असं वाटतं, त्यांचा अंदाज बरेचदा नशिबाने बरोबर आलेला असतो.

यावर एकच उपाय मला आजवर खात्रीचा वाटलाय, तो म्हणजे उभं राहायची जागा. तारेकडे तोंड करून उभं राहू नका. लाइनच्या टोकाला, तारेच्या दिशेत नजर जाईल असं उभं राहा, तारेच्या बरोबर खाली नाही, थोडं बाजूला, प्लॉटच्या अंगाला. तिथून सगळ्या तारा एकापाठोपाठ एक अशा लांब जाताना दिसतात आणि ड्रोन त्यांच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला स्पष्ट वेगळा दिसतो. मधली आडवी फट किती आहे ते आता मोजता येतं. तुम्हाला प्लॉटमुळे तिथे उभं राहता येत नसेल तर तिथे दुसरा माणूस उभा करा. तो माणूस औषध कालवणारा नको. त्याचं लक्ष बादलीत असतं. त्याला एकच शब्द द्या, "थांब". तो ऐकला की रिमोटची स्टिक सोडायची, का म्हणून विचारायचं नाही.

आता मूळ दुखणं. ऑस्ट्रेलियात विमानाने फवारणी फार मोठ्या प्रमाणावर चालते. विमान पिकावर तीनेक मीटरवरून ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने जातं. तर तिथल्या ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्युरोने २००१ ते २०१० या दहा वर्षांतल्या तारेला धडकण्याच्या घटना तपासल्या. एकूण १८० सापडल्या, त्यातल्या १०० शेतीच्या उड्डाणातल्या. आणि त्या शेतीवाल्यांपैकी ६३ टक्के वैमानिकांना ती तार तिथे आहे हे धडकण्याआधी माहीत होतं. हा आकडा मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देतो. हे नवशिके नव्हते. तार त्यांनी पाहिली होती, टाळायची कशी ते ठरवलं होतं, आणि मग मधे काहीतरी बदललं.

आपल्याकडे जे बदलतं त्याला नाव आहे: "कोपरा राहिला". वाळवा तालुक्यात माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. प्लॉटमधून तिरकी एलटी लाइन गेलेली. पायलट शहाणा मुलगा, सकाळी त्यानेच मला लाइन दाखवली, प्लॉटचे दोन भाग पाडले, दोन्ही भाग आपोआप उडणाऱ्या मिशनवर व्यवस्थित मारले. मग मालक म्हणाला, त्या कोपऱ्यात चार सऱ्या कोरड्याच दिसतायत. टाकीत दोन लिटर औषध उरलेलं होतं, ते परत न्यायचं कुठे? त्याने ड्रोन हाताने उडवायच्या मोडवर घेतला. नजर खाली, ओली-कोरडी पानं शोधत. ड्रोन मागे घेताना पोलवरून मोटरीकडे आलेल्या सर्व्हिस वायरला मागचे पंखे लागले. त्याच वायरवर सकाळी त्याने बोट ठेवलं होतं. वायर इन्सुलेशनची होती म्हणून ठिणगी नाही पडली, ड्रोन उसात पडला, ड्रोनचे दोन हात मोडले एवढ्यावर निभावलं.

यात निष्काळजीपणा शोधायला गेलात तर सापडणार नाही. मेंदू एका वेळी एकच गोष्ट नीट धरतो. कोरडी सरी शोधायला लागला की तार डोक्यातून जाते, आणि गेली हे कळतही नाही. म्हणून आठवणीवर चालणारी कुठलीही पद्धत मला मान्य नाही, "मी लक्ष ठेवीन" हे वाक्य तर अजिबात नाही. तार प्लॉटच्या हद्दीतच यायला नको, म्हणजे विसरलात तरी ड्रोन तिथे जाणार नाही. आणि उरलेला कोपरा हाताने मारायचा नाही. खरंच राहिला असेल तर ड्रोन खाली उतरवा, बॅटरी काढा, तो कोपरा नवीन प्लॉट समजून पुन्हा चालत जाऊन पाहा, पुन्हा हद्द आखा. पाच-सात मिनिटं जातात. बहुतेक वेळा मालकच म्हणतो, राहू द्या.

चालत जाऊन पाहायचं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण प्रशिक्षण मोकळ्या मैदानावर होतं आणि पोल वाचायला तिथे कोणी शिकवत नाही. तार शोधू नका, पोल शोधा. पोल सापडला की त्याच्या डोक्याकडे पाहा. तीन तारा आडव्या एका लोखंडी पट्टीवर असतील तर बहुधा ती ११ किंवा २२ केव्ही. चार-पाच तारा, बरेचदा एकाखाली एक, ती एलटी. पट्टी कुठल्या दिशेला आडवी आहे त्यावरून तार कुठे जाते ते कळतं. चिनी मातीचे इन्सुलेटर सरळ उभे असतील तर लाइन सरळ पुढे गेलीय, आडवे ताणलेले दिसले तर तिथे लाइन संपते, वळते किंवा फाटा फुटतो. फाटा फुटलेला पोल दिसला की थांबून सगळ्या बाजूंनी पाहा, एखादी तार झाडीतून निघून भलतीकडे गेलेली असते.

मग स्टे, म्हणजे ताण. पोलपासून तिरकी जमिनीत रोवलेली तार. ताण ज्या बाजूला असतो, त्याच्या उलट बाजूला तार ओढत असते, हे सहसा चुकत नाही. पोलच्या एका बाजूला ताण दिसतोय आणि दुसऱ्या बाजूला तार दिसत नाही, असं झालं तर तार आहेच, तुम्हाला दिसत नाहीये एवढंच. आणि उसात ताण स्वतःच एक सापळा असतो. वरचा भाग दिसतो, खालचा पानात बुडालेला. पोलपासून दहा मीटर सोडले की तोही सुटतो.

डीपी (ट्रान्सफॉर्मर) दिसली तर वर एचटी येते, खाली एलटी निघते, आणि तिथून विहिरी-बोअरकडे सर्व्हिस वायरी फुटतात. मोटरीची पेटी दिसली की स्वतःला विचारायचं, हिला वीज येते कुठून. जमिनीखालून केबल असेल तर ठीक, नाहीतर कुठेतरी हवेत वायर आहेच. आकडे, म्हणजे चोरून वीज घ्यायला तारेवर टाकलेल्या वायरी, हा प्रकार कुठल्याच नकाशात नसतो. बारीक काळी वायर बाभळीच्या फांदीवरून, बांबूच्या काठीवरून आलेली. ती मालकाला विचारली तर सांगणार नाही, गड्याला विचारा. आणि पाखरं पाहा. कोतवाल, वेडा राघू, पारवे हवेत रांगेने बसलेले दिसले तर तिथे तार आहे. मला दोन-तीन वायरी पाखरांनीच दाखवल्यात.

द्राक्षबागेत विजेशिवायच्या तारा असतात, मांडवाच्या, जाळीच्या, पाखरं हाकलायच्या चमकत्या पट्ट्यांच्या. त्यांच्यात शॉक नाही, पण पंख्याला काही फरक पडत नाही. तुमच्याकडे ऊस आहे म्हणून यात शिरत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, गेल्या हंगामातला नकाशा या हंगामात चालत नाही. कृषी पंपांना दिवसा वीज द्यायला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ठिकठिकाणी सौर प्रकल्प उभे राहतायत, आणि तिथून उपकेंद्रापर्यंत नव्या लाइनी ओढल्या जातायत. त्याच प्लॉटमध्ये वर्षाने गेलात तरी पहिल्यांदा आलोय असं समजून चाला.

आता रडार. पुढचं रडार भिंत, झाड, पोल चांगले ओळखतं. तारेशी काटकोनात सरळ येत असाल तर तारही बरेचदा पकडतं. तिरकं आलात तर मात्र लाटा तारेवर आपटून भलत्याच दिशेला निघून जातात, परत ड्रोनकडे येतच नाहीत, आणि स्क्रीनवर मोकळं रान दिसतं. शिवाय ते पुढे पाहतं. फवारणी ड्रोन पट्टा संपला की बरेचदा तोंड न वळवता बाजूला सरकतो आणि उलटा मागे येतो. तेव्हा रडार भलतीकडे पाहत असतं. वरच्या बाजूला तर बहुतेक मशीनना डोळाच नाही. रडार चालू ठेवा, पण अंतर ठरवताना ते नाहीच असं धरा.

खालच्या रडारचं वागणं त्याहून घातक, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पिकाची उंची मोजून ड्रोनला सतत दोन-अडीच मीटर वर ठेवणं हे त्याचं काम. लोळलेल्या उसावरून ड्रोन येतो, पुढे उभा ऊस लागतो, रडार सांगतं वर चल, आणि ड्रोन आपण होऊन दीड मीटर चढतो. बांधावर एखादं एरंडाचं झाड आलं तरी चढतो. वर तार असेल तर मशीनने स्वतःच ड्रोन तिच्यात घातला. तुम्ही स्टिकला हातही लावलेला नसतो.

तिसरं, आर-टी-एच, घरी परतायची सेटिंग. बॅटरी उतरली, सिग्नल तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि सरळ रेषेत होम पॉइंटकडे, म्हणजे जिथून उडाला त्या जागेकडे, निघतो. त्या रेषेत लाइन असेल तर? ११ केव्हीचे पोल आठ-नऊ मीटरचे, त्यामुळे वीस मीटर उंची टाकून भागेल असं वाटतं, पण शिवारातून १३२ किंवा २२० केव्हीचे मनोरे गेलेले असले तर वीस मीटर म्हणजे नेमक्या तारा. त्या मनोऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक अर्थिंगची तार असते, खालच्या तारांहून बारीक, आणि तीच सगळ्यात वर. म्हणून माझा नियम उंचीवर अवलंबून नाही: तारेच्या ज्या बाजूला प्लॉट, त्याच बाजूला होम पॉइंट. लाइनच्या पलीकडचा भाग मारायचा असेल तर सगळं सामान, बॅटऱ्या, पाणी, ड्रोन, उचलून पलीकडे न्यायचं आणि तिथून उडवायचं. कंटाळवाणं आहे. पण लाइन ओलांडायचा प्रश्नच संपतो. मनोऱ्याजवळ होकायंत्राचं कॅलिब्रेशन करू नका, एवढं लोखंड जवळ असलं की ते बिघडतं आणि ड्रोन वाकडा निघतो.

दहा मीटर कुठून आले ते आता सांगतो. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटर. वाऱ्याने तार झोके घेते. ड्रोन सेकंदाला पाच मीटर जात असेल तर "थांब" ऐकून स्टिक सोडेपर्यंत एक सेकंद म्हणजे पाच मीटर गेले, आणि भरल्या टाकीचा ड्रोन त्यानंतरही घसरत पुढे जातो. हे सगळे वाईट योग एकत्र आले तर दहा मीटर जेमतेम पुरतात, म्हणून तारेलगत वेग तीनच्या वर नेत नाही. आरटीके (जीपीएसची चूक दुरुस्त करणारी यंत्रणा) असलेल्या ड्रोनला जागेची चूक कमी, तरी मी अंतर कमी करत नाही, कारण वारा आणि माणूस दोन्ही तेच असतात. मनोऱ्यांच्या लाइनला तीस मीटर. सर्व्हिस वायर आणि एलटीलाही मी दहाच ठेवतो, दोन वेगळे आकडे लक्षात ठेवायचे कशाला. अंतर मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या तारेपासून. पोलपासून मोजलं तर पट्टीची लांबी त्यात जाते.

पट्टे तारेला समांतर आखा. तारेकडे तोंड करून जाणारे पट्टे आखले तर प्रत्येक वळण तारेजवळ होतं, आणि एकरात किती वळणं होतात ते तुम्हाला माहीत आहे. तारेलगतचा पट्टा सगळ्यात आधी मारा, ताज्या बॅटरीवर आणि निम्म्या टाकीवर. ड्रोन हलका असतो, लवकर थांबतो, बॅटरी उतरून आर-टी-एच लागायची शक्यता नसते, आणि तुमचं डोकंही थकलेलं नसतं. लोक उलट करतात. सोपा भाग आधी, अवघड शेवटी, म्हणजे उन्हं चढलेली, बॅटरी खाली आलेली आणि मालक घाई करतोय अशा वेळी. फवारा तारांवर आणि इन्सुलेटरवर जाणार नाही हेही पाहा. औषधाचा थर चिनी मातीवर बसला आणि दव पडलं की त्यावरून वीज सरकते.

आता लाइट गेलेली असण्याचा मुद्दा. शेतीच्या फीडरला आठवड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री थ्री फेज असतं, म्हणून शेतकरी खात्रीने सांगतो, आता लाइट नाही. त्याची मोटर बंद आहे एवढंच त्याला माहीत असतं. त्याच पोलवरून गावठाणाची लाइन गेलेली असू शकते. थ्री फेज नसताना सिंगल फेज चालू असतं. कोणाच्या जनरेटरची वीज उलटी लाइनीत आलेली असते. आणि बंद असलेली लाइन कुठल्याही क्षणी चालू होते, उपकेंद्रातला माणूस तुम्हाला विचारून स्विच टाकत नाही. वायरमनसुद्धा परमिट (लाइन बंद ठेवल्याची लेखी परवानगी) घेतल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावत नाही. तार मेलेली असली तरी ती तिथे आहेच, पंखे तिच्यात अडकणारच.

तरीही धडकला तर. कार्बन फायबरच्या हातांतून वीज वाहते. दोन फेजना एकदम टेकला तर मोठा जाळ होतो, कधी तार तुटून खाली येते. पाचट वाळलेलं असेल तर ऊस पेटतो. पहिलं काम, कोणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही, आणि सगळ्यात आधी मालकाला धरायचं, कारण तोच पळत सुटतो. पडलेली तार ठिणग्या टाकत नाही म्हणजे ती बंद आहे असं नाही. कोरड्या जमिनीवर पडलेली तार बरेचदा फ्यूजही उडवत नाही, आणि उडालेली लाइन उपकेंद्रातून एकदा परत चालू करून पाहिली जाते. दहा मीटरच्या आत कोणी असेल तर त्याने पाय जवळ ठेवून, जमिनीला घासत, बारीक सरकत बाहेर यायचं. मोठं पाऊल टाकलं तर दोन पायांमधून वीज जाते, ओल्या सरीत जास्तच. १९१२ ला फोन करा, वायरमनचा नंबर असेल तर त्यालाही, आणि पोलवरचा नंबर वाचून सांगा. तो नंबर सकाळीच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला असेल तर लांबून वाचायची पाळी येत नाही. ड्रोन तारेत लटकला असेल तर बांबूने काढायचा प्रयत्न करू नका. ओला बांबू वीज वाहतो, आणि सरीतला बांबू ओलाच असतो. वायरमनने परमिट घेऊन खाली काढला तरी बॅटरी लगेच गाडीत टाकू नका. दबलेली लिथियम बॅटरी तासाभरानेही पेट घेते. मोकळ्या जागी मातीवर ठेवा, जवळ वाळू असू द्या. आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघात ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवर कळवायचा असतो. विम्याचं पुढे काही करायचं असेल तर हे आधी लागतं.

राहिला शेतकरी. त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं, हे मान्य करायला हवं. प्लॉटच्या मधून लाइन गेली असेल तर दोन्ही बाजूंना दहा-दहा, म्हणजे वीस मीटरचा पट्टा. तो शंभर मीटर लांब असला तर दोन हजार चौरस मीटर झाले, जवळजवळ वीस गुंठे. एकराच्या प्लॉटमध्ये निम्मं रान राहिलं. उंच उसात माणूस पाठीवर पंप घेऊन शिरू शकत नाही म्हणून तर त्याने ड्रोन बोलावलेला असतो. अशा प्लॉटला मी सरळ नाही म्हणतो, किंवा ऊस कमरेएवढा असतानाच एचटीपी (लांब नळीच्या, जोराच्या) पंपाने मारून घ्या असं आधीच सांगतो. बांधावरून लाइन असेल तर एकाच बाजूचे दहा मीटर जातात, ते लोक मान्य करतात. वाद होतो तो नंतर कळल्यामुळे. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा, रानात लाइन आहे का, किती तारांची, मधून की कडेने. शेतात गेल्यावर हद्द आखून झाली की स्क्रीन त्याच्यासमोर धरा, वगळलेला पट्टा बोटाने दाखवा, आणि पैसे मारलेल्या गुंठ्यांचेच घेणार हे औषध कालवायच्या आधी बोला. एकदा कालवलं की ते संपवायचं दडपण तुमच्यावर येतं, आणि त्या दोन लिटरपायी काय होतं ते वर सांगितलंच आहे. वगळलेलं क्षेत्र वजा करूनच औषध मोजा.